मुहूर्त १२ वाजून ३२ मिनिटांनी

अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा फोटो या लग्नाच्या अल्बममध्ये नाही. आधीचे आहेत, नंतरचे तर भरपूर आहेत. कॅमेरे तीन होते, माणसं तीन होती आणि वेळापत्रक एक्सेलमध्ये होतं. (हे लग्न एका घरचं नाही. पुण्यातल्या कार्यालयांत डिसेंबरभर जे चालतं, ते इथे एका दिवसात बसवलं आहे.)

तीन आठवडे आधी, रात्री ९.००
व्हिडिओ कॉलवर नवरा, नवरी आणि फोटोग्राफर. कुटुंबाच्या एकत्र फोटोंची यादी २८ गटांची. प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ५६ मिनिटं. ११.०० ते १२.०० ही वेळ त्यांना दिली जाते. फोटोग्राफर सुचवतो, "दहा-बारा गट ठेवा, बाकीचे जेवणं झाल्यावर घेऊ." नवरी म्हणते, "जेवून झाल्यावर कोण थांबतं?" तेही खरंच. यादी तशीच राहते.

तक्ता दोन्ही घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. गुरुजी कुठल्याच ग्रुपवर नाहीत. त्या अख्ख्या तक्त्यात मिनिटभरही न हलणारी वेळ एकच होती आणि ती गुरुजींच्या हातात होती.

आदली रात्र, ११.४०
सीमांतपूजन आटोपतं. मुख्य कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्यांपैकी दोन रिकाम्या झालेल्या. आरशाविना चालणारे हे नवे कॅमेरे जुन्यांपेक्षा बॅटरी लवकर खातात. फोटोग्राफर दोन्ही चार्जरला लावून झोपतो. खोलीतला प्लग एकच चालू आहे.

त्यानंतर लगेचच
त्याच खोलीत उतरलेला एक पाहुणा चार्जर काढून मोबाइल लावतो. सकाळपर्यंत मोबाइल शंभर टक्के भरतो.

सकाळी ६.००
फोटोग्राफर चारही बॅटऱ्या बॅगेत टाकतो. तपासत नाही. रात्रभर लावल्या होत्या.

७.३०
तक्त्यात या वेळी नवरीचे एकटीचे फोटो आहेत. सूर्य सातच्या सुमारास वर आलाय, अंगणात ऊन अजून कोवळं आहे. नवरी मेकअपच्या खुर्चीत आहे. तिच्याआधी करवलीचे केस झाले. "पाचच मिनिटं" लागणार होती, चाळीस लागली.

८.५०
नवरी अंगणात येते. ऊन आता वरून पडतंय, डोळ्यांखाली सावल्या येतात. "संध्याकाळी घेऊ," असं ठरतं. डिसेंबरात पुण्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि विहिणीची पंगत साडेचारला बसायची आहे. हा हिशेब कोणी करत नाही.

९.४०
वराकडची बस अजून आलेली नाही. इकडे उपम्याची दुसरी परात येते. फोटोग्राफर रिकामा बसण्यापेक्षा तोरण, सनई-चौघडा, अक्षतांची तबकं असं काय काय टिपून ठेवतो. पहिली बॅटरी निम्म्यावर.

१०.५०
वऱ्हाड ३५ मिनिटं उशिरा दारात. ओवाळणं, पाय धुणं. पहिली बॅटरी संपते. दुसरी लावली जाते. तिच्यात जोर आहे, म्हणून शंका यायचं कारण उरत नाही.

११.०५
गट क्रमांक १. नवरीच्या आईकडचे. मामा नाहीत. मामा मुदपाकखान्यात आचाऱ्याशी जिलबीच्या पाकावरून बोलतायत. त्यांना आणायला गेलेला भाचाही परत येत नाही. दुसरा गट आधी घ्यावा, तर पहिल्या गटातल्या काकू स्टेजवरून उतरायला तयार नाहीत. गुडघे दुखतात, पुन्हा चढवणार नाही म्हणतात.

दोन मिनिटं फोटोला लागतात हे बरोबरच होतं. माणसं गोळा करायला लागणारा वेळ तक्त्यात नव्हता.

११.४८
नऊ गट झाले. उरले १९.

११.५२
गुरुजी व्यासपीठाच्या कडेला येऊन सांगतात, "गौरीहर राहिलाय. मुलीला पाठवा." नवरी अजून शालूत आहे, गौरीहराला मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसायची. साडी बदलायला तक्त्यात १५ मिनिटं धरली होती, पण ती सहावारीची. ही नऊवारी आहे. नवरी निघता निघता म्हणते, "एक मैत्रिणींचा घेऊ या ना." घेतात. चार मिनिटं जातात.

१२.१४
नवरी गौरीहराशी बसते. फोटोग्राफर समोर उकिडवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बॅटरीची एक काडी उरलीय. बदलावी, असं त्याच्या मनात येतं. पण नवरीच्या हातून अन्नपूर्णेवर अक्षता पडतायत आणि खिडकीतून प्रकाश नेमका तिच्या मुंडावळ्यांवर आलाय. तो फोटो अल्बममध्ये आहे. चांगलाच आलाय.

१२.२०
मामा नवरीला घेऊन येतात. अंतरपाट धरला जातो. वराची आत्या दुसऱ्या फोटोग्राफरला गाठते: "रुखवताचे फोटो काढून ठेव रे, जेवायला गर्दी उसळली की मुलं चिवडतील सगळं." रुखवत खाली, जेवणाच्या दालनात मांडलंय. त्याला वाटतं, मंगलाष्टकं चांगली दहा मिनिटं चालतील. तो जिना उतरतो.

१२.२४
पहिलं मंगलाष्टक गुरुजींचं. दुसरं नवरीच्या मावशीचं, स्वतः रचलेलं, त्यात दोन्ही घरांची नावं गुंफलेली. मग वराकडच्या काकू माइक मागतात. सूर जरा चढा लागतो.

पूर्वी गुरुजींजवळ घंगाळात घटिकापात्र तरंगत असे. तळाला भोक पाडलेली ती तांब्याची वाटी भरून बुडाली की घटका झाली, २४ मिनिटांची. तिचा साठावा भाग म्हणजे पळ, २४ सेकंदांचं. फोटोग्राफरकडेही तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा. किती उरले हे त्याच्या बोटांवर असे आणि अक्षतांसाठी चार-पाच राखलेले असत. आता गुरुजींच्या मांडीवर मोबाइलचं घड्याळ आहे आणि फोटोग्राफरच्या कार्डात हजारोंची जागा आहे.

१२.२९
कॅमेरा बंद पडतो. फोटोग्राफर शांत आहे. बॅटरी बदलायला अर्धं पळही लागत नाही. तिसरी लावतो. कॅमेरा उठत नाही. काढून, फुंकर मारून पुन्हा लावतो.

१२.३०
चौथी. तीही मेलेली. दुसऱ्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला हीच बॅटरी चालते. फोन लावला जातो. खाली, रुखवतातल्या साखरेच्या तुळशीवृंदावनापाशी, तो फोन खिशात थरथरतो आणि सनईच्या स्पीकरखाली कोणाला ऐकू येत नाही.

१२.३१
पुढच्या दोन रांगा उभ्या राहतात. प्रत्येकाच्या उजव्या मुठीत अक्षता, डाव्या हातात मोबाइल. मागे तिवईवर व्हिडिओचा कॅमेरा चालू आहे. त्याच्या चौकटीत आता फक्त हात.

१२.३२
"सावधान." वाजंत्री. अंतरपाट बाजूला होतो. अक्षता पडतात.

१२.३३
नवरी हार घालते. नवरा मान खाली घालतो, तिला हसू आवरत नाही, असं पहिल्या रांगेतले नंतर सांगतात.

१२.३५
दुसरा फोटोग्राफर जिना चढून येतो. बॅटरी लागते. कॅमेरा उठतो. फोटोग्राफर दबक्या आवाजात गुरुजींना विचारतो, "अंतरपाट परत एकदा धरता येईल का? अर्धं मिनिट?" गुरुजी अंतरपाटाची चौघडी घालत म्हणतात, "कन्यादानाला बसायचंय. आई-वडिलांना बोलवा."

१२.३७
नवरीचे वडील गर्दीतून वाट काढत येतात. चेहरा घामेजलेला, उपरणं खांद्यावरून घसरलेलं. पाटावर बसण्याआधी फोटोग्राफरकडे वळून विचारतात, "मिळाला ना बरोबर?"

"हो काका. मस्त."

मागून मामा, दहाव्या गटाची सगळी माणसं घेऊन, स्टेजच्या पायऱ्या चढतायत.