पैनगंगेच्या अल्याडचे आंध, पल्याडचे आंध

मंडळी, हे लिहू का नको असं दोन आठवडे चाललं होतं. साखऱ्यात, सेनगावात ज्यांच्याशी रोजची उठबस, ते या वादात दोन्ही बाजूंना आहेत. पण एक गोष्ट कुणीच बोलेना, म्हणून लिहितोय.

२ सप्टेंबर २०२५ ला मराठा समाजासाठी हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला. पाठोपाठ त्याच गॅझेटच्या आधारे आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या म्हणून बंजारा समाजाचे मोर्चे निघाले, आणि त्याला विरोध म्हणून आदिवासींचे. भाषणं सगळी नोकरी, मेडिकलच्या जागा यावर. सातबाऱ्याचं नावच नाही.

आता थोडं मागं जाऊ. १९५० मध्ये अनुसूचित जमातींची पहिली यादी निघाली. हैदराबाद राज्याच्या यादीत गोंड, भिल्ल, कोलाम यांच्यासोबत आंध जमात होती आणि ती पूर्ण राज्यासाठी होती. आपला भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात, म्हणजे इथला आंध पहिल्या दिवसापासून आदिवासी. नदीपलीकडचं वऱ्हाड मात्र निजामाने १८५३ लाच इंग्रजांच्या ताब्यात दिलेलं. तिकडच्या यादीत आंधांना मान्यता होती ती फक्त मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांत. पुसद नाही. वाशिम, रिसोड नाही.

म्हणजे बघा, मोगलाईतला भाऊ आदिवासी आणि पैनगंगा ओलांडून पुसदकडे दिलेल्या बहिणीचा नवरा कागदावर आदिवासी नाही. बोली तीच, देव तेच, लग्नातले रीतिरिवाज तेच. हा प्रकार पंचवीसेक वर्षं चालला. १९७६ च्या कायद्याने राज्यातली क्षेत्राची अट गेली तेव्हा कुठं दोघं एका यादीत आले.

आणि या पंचवीस वर्षांतच जमिनी गेल्या. उसनवारी, सावकाराचं व्याज, लेकीचं लग्न, अंगठा. १९७४ ला महाराष्ट्राने जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली शेतजमीन मूळ मालकाला परत द्यायची. त्याने स्वतः कसायची आणि आकाराच्या ४८ पट रक्कम, शिवाय सुधारणांची किंमत भरायची. जमीन महसूल संहितेत ३६ अ कलमही तेव्हाच आलं, म्हणून आज परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेता येत नाही. विशेष म्हणजे क्षेत्राच्या अटीमुळे यादीबाहेर राहिलेल्यांनाही कायदा करणाऱ्यांनी त्यात धरलं. जमिनीचं संरक्षण यांनाही हवं, असं स्पष्टीकरणातच लिहून ठेवलं. मुंबईत बसलेल्या कुणाला तरी पुसदचा मेहुणा दिसला होता म्हणायचा!

परत किती मिळाल्या, हा वेगळा विषय. ज्याच्याकडे कागद नाही, तारखेला जायला भाडं नाही, तो काय दावा करणार?

त्यात ओळखीचा फेरा. आंध मराठीच बोलतो, पेहराव आपल्यासारखाच, मग तू कसला आदिवासी, असं त्याला लोकही विचारतात आणि पडताळणीही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अ‍ॅफिनिटी टेस्ट, म्हणजे चालीरीतींवरून घेतलेली परीक्षा, ही शेवटची कसोटी नव्हे. ऑस्ट्रेलियातही हेच झालं. १९९२ च्या माबो निकालाने तिथल्या मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य झाला, पण २००२ मध्ये योर्टा योर्टा लोकांचा दावा फेटाळला गेला, कारण त्यांच्या जुन्या परंपरा सलग टिकल्या नाहीत म्हणे. आधी जमीन घ्यायची, माणसं पांगवायची आणि मग विचारायचं, तुमच्या परंपरा कुठं गेल्या?

बंजारा बांधवांचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, इकडे तोच समाज विमुक्त-भटक्यांत. १९५६ ला राज्यं फुटली, तांडे नाही फुटले. ही पैनगंगेचीच गोष्ट आहे, फक्त माणसं दुसरी.

पण जमिनीचं काय? ३६ अ ची परवानगी लागते ती बिगर आदिवासीला विकताना. यादीत जो येईल त्याला ही अट राहत नाही. तेलंगणाच्या आदिलाबादमध्ये गोंड आणि लंबाडा यांच्यात २०१७ ला जो भडका उडाला, त्याच्या मुळाशी आरक्षणासोबत जमीनही होती. तिथं हे घडलेलं असताना आपल्याकडे मागणी करणारे आणि विरोध करणारे दोघंही त्यावर गप्प का? यादीचा निर्णय काहीही होवो, आज आंधाच्या नावावर असलेल्या एकरांना वेगळं संरक्षण देणार का, हे आमदार-खासदारांनी मोर्चात येऊन सांगावं.

आपला हिंगोली जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा इथं लागू नाही. कळमनुरीत प्रकल्प कार्यालय आहे, पण किनवटच्या ग्रामसभेला जे अधिकार आहेत ते आपल्याकडच्या आंधांच्या गावांना नाहीत. एवढं एक कलम आहे हातात.

१९५७ ते १९७४ मधलं जुनं खरेदीखत, फेरफार कुणाच्या ट्रंकेत असेल तर मला दाखवा. नाव कुठं छापणार नाही. साखऱ्याला आलात तर चहा माझ्याकडून.