इंग्रजी ‘पाय’चें गोत्र

इंग्रजी कोशांत पी, आय, ई या तीन अक्षरांपाशीं जाऊन पाहिलें तर एका शब्दाऐवजीं शब्दांची पंगतच बसलेली आढळते. लेखन एक, उच्चार ‘पाय’ हाच. पण कोणी पिठाच्या आवरणांत मांस किंवा फळें भरून भाजलेला खाद्यपदार्थ, कोणी काळापांढरा पक्षी, कोणी छापखान्यांतील विस्कटलेल्या खिळ्यांचा ढीग आणि कोणी आपल्याकडील तांब्याचें नाणें. मराठी कानास तर हा उच्चार पाउलाचाच वाटतो. तो निव्वळ विनोद आहे कीं नाहीं, हें पुढें कळेल.

या पंगतींत वडीलपणाचा मान पक्ष्याकडे जातो. लॅटिन ‘पिका’ जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडांत आली, आणि मार्गारेट या नांवाचें ‘मॅग’ हें लाडकें रूप तिला पुढें चिकटलें. पक्ष्याच्या दुरंगी अंगावरून कबऱ्या वस्तूस ‘पाइड’ म्हणूं लागले. ‘पिका’चें नातें संस्कृत ‘पिक’ म्हणजे कोकिळेशीं कित्येक पंडित जोडतात. तें मोहक आहे खरें. पण एवढ्या आधारावर सोयरीक पक्की करण्यास आमचें मन धजत नाहीं. खाद्यपदार्थाचें नांव चौदाव्या शतकाच्या आरंभीं यॉर्कशायरमधील बोल्टनच्या मठाच्या हिशेबांत आढळतें. मिळेल तें गोळा करणारा पक्षी अशी मॅगपायची ख्याती, आणि पदार्थाच्या पोटांतही नाना जिन्नस कोंबलेले. म्हणून एकाचें नांव दुसऱ्यास मिळालें असावें, असा तर्क आहे. सिद्ध मात्र झालेला नाहीं.

छापखान्याकडील हकीकत याहून गमतीची. इंग्लंडांतील जुन्या चर्चमध्यें कोणत्या दिवशीं कोणती उपासना करावी हें सांगणारा नियमग्रंथ असे. त्यासही ‘पाय’ म्हणत. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन यानें सुमारें १४७७ सालीं, सॅलिस्बरीच्या पद्धतीचे ‘पाय’ स्वस्तांत मिळतील, अशी जाहिरात छापली. हे नियम सामान्यांस दुर्बोध असत. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यांच्या क्लिष्टतेबद्दल उघड तक्रार आहे. जुळविलेले खिळे कोसळून एकांत एक मिसळले म्हणजे त्या काल्यास मुद्रक ‘पाय’ म्हणतात, तें या ग्रंथावरून कीं ताटांतील पदार्थावरून, याचा निवाडा कोशकारांनीं अजून केलेला नाहीं.

नाण्याचा ‘पाय’ मात्र या कुळांतला नव्हेच. ती आपली पै. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाऊल. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांशही. मराठींतील पाय, पाव आणि पाऊण हे शब्द याच ‘पादा’पासून निघाले, आणि पैही त्याच घरची. यूल व बर्नेल यांनीं १८८६ च्या आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत, पै ही मुळांत आण्याचा चौथा भाग असावी, असें मत दिलें आहे, तें या व्युत्पत्तीशीं जुळतें. पण कंपनी सरकारनें १८३५ सालीं जें तांब्याचें नाणें पाडलें त्यावर आण्याचा बारावा भाग असा आंकडा घातला. तीन पैंचा पैसा, बारा पैंचा आणा आणि १९२ पैंचा रुपया. नांव चतुर्थांशाचें, किंमत द्वादशांशाची! १९५७ च्या दशमान पद्धतीनें आणेही गेले. पै तर त्याआधींच व्यवहारांतून उठली होती. तरी अजून आपण ‘पै न् पै चुकती केली’ असेंच म्हणतों. शिवाय पाद आणि इंग्रजी ‘फूट’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. स्पॅनिश भाषेंत तर पाऊल याच तीन अक्षरांनीं लिहितात. तेव्हां इंग्रजी कोशांतील हा नाण्याचा ‘पाय’ खरोखरच पाय आहे, आणि त्याचें सख्खें भावंड शेजारच्या ओळींत नसून दूर ‘एफ’च्या पानांत बसलें आहे.

आतां या शब्दाचा बाजारभाव. स्क्रॅबल नांवाच्या शब्दखेळांत पंधरा-पंधरा घरांचा पट आणि शंभर सोंगट्या असतात. पिशवींत ढवळलेला तो अक्षरांचा ढीग म्हणजे मुद्रकांचा ‘पाय’च. ‘पी’ला तीन, ‘आय’ व ‘ई’ यांस एकेक, मिळून आमच्या शब्दाचे गुण पांच. हा भाव ठरविणारे आल्फ्रेड बट्स हे १९३० नंतरच्या मंदींत बेकार झालेले अमेरिकन वास्तुशिल्पी. त्यांनीं वर्तमानपत्राच्या पानांवरील अक्षरें मोजलीं. जें विरळ तें महाग. म्हणून ‘ई’च्या बारा सोंगट्या आणि ‘पी’च्या दोनच. या मोजणींत व्युत्पत्तीस जागा नाहीं, आणि नाहीं तेंच बरें. नाहींतर प्रत्येक डाव पंडितांच्या सभेंत न्यावा लागता. ‘पाय’पुढें ‘आर’ ठेवला तर बंदरावरील धक्का या अर्थाच्या ‘पिअर’चे सहा गुण, त्या शब्दाचा या घराशीं कांहीं संबंध नाहीं. ‘डी’ ठेवला तर ‘पाइड’चे सात, तो मात्र घरचाच. आणि ‘पाय’च्या आधीं एम, ए, जी या तीन सोंगट्या बसवितां आल्या तर तो जुना पक्षी पुरता पटावर येतो आणि त्याचे अकरा मिळतात.