बूच, चिमटा आणि काचेची कुपी

नांदेडचे शासकीय रुग्णालय असो की लातूर जिल्ह्यातले एखादे प्राथमिक आरोग्य केंद्र, इंजेक्शन देण्यापूर्वी सिस्टर काचेच्या एका छोट्या कुपीला टिचकी मारतात, तिची मान पुसतात आणि 'टक्' असा आवाज करत ती मोडतात. ही कुपी म्हणजे अँप्यूल. औषध सिरिंजमध्ये ओढून घ्यायला अर्धे मिनिट पुरते. पण इंजेक्शनचा इतिहास पाहिला, तर हेच अर्धे मिनिट सर्वांत धोक्याचे असते, असे दिसते. या इतिहासातील एक प्रकरण आपल्या परळशी निगडित आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. तेथे भरलेल्या बाटल्या दूरदूरच्या प्रांतांत जात. एका बाटलीतली लस अनेकांना पुरत असे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. पुढे त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. या सर्वांना एकाच, '५३-एन' क्रमांकाच्या बाटलीतील लस मिळाली होती. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

चौकशी समितीने दोष परळवर ठेवला. बाटली तेथून निघतानाच दूषित होती, असा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन निलंबित झाले. परंतु साक्षींत एक गोष्ट नोंदली गेली होती. बूच काढण्याचा चिमटा मुलकोवालला जमिनीवर पडला होता. ज्योतीत तापवून तो निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिक आम्लात नुसता बुचकळून वापरला गेला. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुराव्याची छाननी केली. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'टाइम्स'मधून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. दोष बाटली भरण्यात नसून ती उघडण्यात असावा, हे मान्य झाले.

चिमटा बुचकळणे पुरेसे का नव्हते? धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि ते अतिशय चिवट असतात. जंतुनाशकात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. त्यांच्यासाठी ऑटोक्लेव्हमधली १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालील वाफ लागते. मातीने माखलेल्या जखमेची डॉक्टरांना धास्ती वाटते, ती याचमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला दगडमातीची घरे कोसळली, तेव्हाच्या जखमा आठवल्या म्हणजे या धास्तीचा अर्थ कळतो.

मग बूचच नको, असे म्हणता येईल. तसा विचार मुलकोवालच्या आधीच झाला होता. पॅरिसचे औषधनिर्माते स्तानिस्लास लिमूझँ यांनी १८८६ मध्ये अँप्यूलचे वर्णन प्रसिद्ध केले. औषध काचेच्या कुपीत भरायचे आणि तिचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचे. बूच नाही आणि उरलेले औषध दुसऱ्यासाठी ठेवणेही नाही. धोका त्यामुळे कमी झाला, संपला मात्र नाही. कुपी उघडावी लागतेच, आणि उघडायची म्हणजे काच फोडायची.

फोटोच्या चौकटी करणारा कारागीर काचेवर हिऱ्याने रेघ ओढतो आणि हलकेच दाब देतो. काच त्या रेघेवरच तुटते, कारण सगळा ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी एकवटतो. पूर्वी सिस्टर अँप्यूलच्या मानेवर छोट्या कानशीने असाच ओरखडा काढत. आता अनेक अँप्यूलवर तो कारखान्यातच काढलेला असतो व त्याच्या वर रंगीत ठिपका असतो. ठिपक्यावर अंगठा ठेवून डोके मागे, म्हणजे अंगठ्यापासून दूर, ढकलले की ओरखडा उघडतो आणि मान सरळ तुटते.

तरीही काचेचे सूक्ष्म कण औषधात पडू शकतात. ते डोळ्यांना दिसतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक पायरीला कारण आहे. टिचकीने मानेत अडकलेले औषध खाली येते. स्पिरिटच्या बोळ्याने मान पुसायची आणि स्पिरिट वाळू द्यायचे, म्हणजे बाहेरचे जंतू आत जात नाहीत. कोरड्या गॉजमध्ये धरून मोडल्याने बोट कापत नाही. सुई तुटलेल्या कडेला लावायची नाही आणि तळाचा शेवटचा थेंब ओढायचा नाही. गाळणी असलेली सुई मिळत असेल तर औषध तिनेच ओढायचे, आणि रुग्णाला टोचण्यापूर्वी ती बदलायची. उरलेले औषध फेकून द्यायचे, आणि काच कचऱ्याच्या पिशवीत न टाकता निळ्या खुणेच्या, न भोसकणाऱ्या पेटीत टाकायची.

मुलांना अँप्यूल मोडायला मुळीच देऊ नये. मुलकोवालची हकीकत मात्र जरूर सांगावी. परळच्या प्रयोगशाळेतील सारी दक्षता जमिनीवर पडलेल्या एका चिमट्यापुढे व्यर्थ ठरली आणि १९ माणसे गेली. आजही कारखान्याची जबाबदारी कुपी सील होईपर्यंतच असते. मान मोडली की पुढची सारी जबाबदारी सिस्टरच्या हातांवर येते. त्या अर्ध्या मिनिटात त्यांना कोणी घाई करू नये.