पूर्व, समांतर आणि पश्चात : भारतातील पर्यावरण आघात मूल्यांकनाचे तत्त्व आणि व्यवहार

प्रस्तावना

कोणताही मोठा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी हवा, पाणी, जमीन, वने, जीवसृष्टी आणि मानवी वस्ती यांवर होणारे त्याचे संभाव्य परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासणे, उपलब्ध पर्यायांचा विचार करणे आणि त्या आधारे प्रकल्पाला परवानगी द्यावी किंवा कसे हे ठरविणे, या प्रक्रियेस पर्यावरण आघात मूल्यांकन असे म्हणतात. या व्याख्येतील ‘पूर्वी’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. धरणाची भिंत उभी राहिल्यानंतर बुडालेल्या जंगलाची किंमत काढता येते. ते जंगल राखावे की नाही, हा प्रश्न मात्र तोपर्यंत संपलेला असतो.

भारतात या प्रक्रियेला जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे. या काळात मूल्यांकन कधी निर्णयाच्या पूर्वी, कधी बांधकामाला समांतर, तर कधी बांधकामाच्या पश्चात झालेले दिसते. तत्त्व आणि व्यवहार यांतील अंतर मोजण्यासाठी हा कालक्रमच उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात काही महत्त्वाच्या प्रकरणांच्या आधारे त्याचा आढावा घेण्यात आला आहे.

तत्त्वाचा उगम

या संकल्पनेला प्रथम कायद्याचे रूप मिळाले ते अमेरिकेत. जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा किनाऱ्याजवळ समुद्रातील तेलविहिरीतून मोठी गळती झाली आणि पर्यावरणाच्या प्रश्नावर तेथील लोकमत जागृत झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथील संसदेने राष्ट्रीय पर्यावरण धोरण अधिनियम संमत केला. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याच्या जडणघडणीत लिंटन कॉल्डवेल या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचा मोठा वाटा होता. केवळ उदात्त उद्दिष्टे जाहीर करून शासकीय खाती आपली कार्यपद्धती बदलत नाहीत, त्यांना कृती करण्यास भाग पाडणारी तरतूद हवी, असा त्यांचा आग्रह होता. पर्यावरणावर लक्षणीय परिणाम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या संघराज्यीय कृतीपूर्वी परिणामांचे आणि पर्यायांचे सविस्तर निवेदन तयार करण्याचे बंधन त्यातून आले.

या तरतुदीचा खरा अर्थ १९७१ मध्ये कॅल्व्हर्ट क्लिफ्स अणुऊर्जा प्रकल्पाच्या खटल्यात स्पष्ट झाला. पर्यावरणविषयक निवेदन प्रस्तावाच्या कागदपत्रांसोबत जोडले की पुरे, कोणी हरकत घेतली नाही तर सुनावणी मंडळाने त्याचा विचार करण्याची गरज नाही, असा अणुऊर्जा आयोगाचा नियम होता. अपील न्यायालयाने तो अमान्य केला. निवेदन नस्तीत असणे आणि निर्णय घेताना ते विचारात घेतले जाणे या भिन्न बाबी आहेत, हे या निकालाचे सार होय. पुढे १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील सतराव्या तत्त्वाने पर्यावरण आघात मूल्यांकनाला जागतिक मान्यता दिली. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यातील कागद-लगदा कारखान्यांच्या वादात, सीमेपलीकडे गंभीर परिणाम संभवत असल्यास असे मूल्यांकन हे सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचे बंधन मानले.

पूर्वमूल्यांकनाचा पहिला धडा : सायलेंट व्हॅली

भारतात १९७६-७७ मध्ये नियोजन आयोगाने विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागास नदीखोरे प्रकल्पांची पर्यावरणाच्या दृष्टीने तपासणी करण्यास सांगितले. ही प्रशासकीय व्यवस्था होती. तिला कायद्याचा आधार नव्हता. याच सुमारास केरळमधील कुंतीपुळा नदीवरील सायलेंट व्हॅली जलविद्युत प्रकल्पाचा वाद उभा राहिला. नियोजन आयोगाने १९७३ मध्ये मंजूर केलेल्या या प्रकल्पामुळे पश्चिम घाटातील सदाहरित वर्षावनाचा एक दुर्मीळ पट्टा पाण्याखाली जाणार होता.

निसर्गअभ्यासक जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने हा प्रकल्प सोडून द्यावा असे सुचविले. मात्र तो अटळच असेल तर कोणते संरक्षक उपाय योजावेत, याचीही यादी दिली. राज्य शासनाने शिफारशीपेक्षा या यादीचाच आधार घेतला. सशर्त मंजुरीचा जो मार्ग पुढे रूढ झाला, त्याचे बीज येथे दिसते.

या वादाला निर्णायक वळण देण्यात केरळ शास्त्र साहित्य परिषदेचा वाटा मोठा होता. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी प्रकल्पाचे तांत्रिक, आर्थिक आणि सामाजिक अंगांनी परीक्षण केले. मलबारला वीज हवी, हे त्यांनी नाकारले नाही; ती अन्य मार्गांनी मिळू शकते काय, हा प्रश्न त्यांनी विचारला. अखेर प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. कायदा नसतानाही हे मूल्यांकन परिणामकारक ठरले, कारण ते निर्णय फिरविता येण्याच्या टप्प्यावर झाले आणि पर्यायांचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता.

समांतर मूल्यांकन : सरदार सरोवर

नर्मदेवरील सरदार सरोवर प्रकल्पाच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला, १९८५ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केले आणि त्यानंतर जून १९८७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला सशर्त मंजुरी दिली. पाणलोट क्षेत्रावरील उपचार, वनस्पती आणि प्राणी यांचे सर्वेक्षण, लाभक्षेत्र विकास, आरोग्यविषयक परिणाम अशा अनेक बाबींचे अभ्यास त्या वेळी अपूर्ण होते. ते ठरावीक मुदतीत पूर्ण करावेत आणि उपाययोजना बांधकामाच्या बरोबरीने व्हाव्यात, अशी अट घालण्यात आली. अशा रीतीने ‘पूर्वी’ची जागा ‘समांतर’ने घेतली.

जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मधील अहवालात पर्यावरण आणि पुनर्वसन या दोन्ही बाबतींत मूलभूत अभ्यासच झालेला नसल्याचे नोंदविले. मार्च १९९३ मध्ये भारताने कर्जाची उर्वरित रक्कम न घेण्याचा निर्णय केला. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने २ विरुद्ध १ अशा बहुमताने बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. १९८७ मध्ये मंजुरी मिळालेल्या प्रकल्पास १९९४ ची अधिसूचना लागू होत नाही, असे बहुमताने मानले. न्यायमूर्ती भरुचा यांनी भिन्नमतपत्रिकेत याच मुद्द्यावर बोट ठेवले : आवश्यक माहितीच गोळा झालेली नसताना दिलेली मंजुरी ही विचारपूर्वक दिलेली मंजुरी ठरत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा केवळ कायद्याचा काथ्याकूट नव्हता. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावांचे भवितव्य या ‘समांतर’ शब्दावर अवलंबून होते. अभ्यास मागे राहिले, पाणी मात्र चढत गेले.

वैधानिक चौकट : १९९४ ते २००६

भोपाळ दुर्घटनेनंतर संमत झालेल्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली २७ जानेवारी १९९४ रोजी पहिली मूल्यांकन अधिसूचना निघाली. त्यामुळे ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना पूर्वमंजुरी घेणे कायद्याने बंधनकारक झाले. एप्रिल १९९७ मधील दुरुस्तीने जनसुनावणीची पद्धत विहित केली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने चाळणी, व्याप्तीनिश्चिती, लोकविचारविनिमय आणि परीक्षण असे चार टप्पे आखून दिले. प्रकल्पांची ‘अ’ आणि ‘ब’ अशी वर्गवारी केली व ‘ब’ वर्गासाठी राज्य पातळीवर प्राधिकरणे नेमली.

ही चौकट कागदावर सुसंगत असली तरी व्यवहारात तिच्यात तीन उणिवा राहिल्या. पहिली उणीव अहवालाच्या कर्तृत्वाची. मूल्यांकन करणारी सल्लागार संस्था प्रकल्पधारकच निवडतो आणि तिचे शुल्कही तोच देतो. पुढे अशा संस्थांना मान्यता घेणे बंधनकारक झाले. परंतु हा आर्थिक संबंध कायम राहिला. दुसरी उणीव माहितीच्या कालावधीची. अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एकाच ऋतूतील आधारभूत माहिती पुरेशी मानली गेली. कोकण आणि गोव्यातील जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात उजाड दिसतात. त्यांवरील अल्पजीवी वनस्पती पावसाळ्यातच उगवतात आणि फुलतात. अशा ठिकाणी मार्चमध्ये केलेल्या सर्वेक्षणातून ‘पडीक जमीन’ एवढाच निष्कर्ष निघाला, तर नवल नाही. तिसरी उणीव भाषेची. सुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे आवश्यक आहे; मूळ अहवाल मात्र बहुधा इंग्रजीतच असतो. २०२० मधील नव्या अधिसूचनेचा मसुदासुद्धा आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध व्हावा, यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी आदेश द्यावा लागला.

गोव्यातील पेडणे तालुक्यातील मोप विमानतळाच्या प्रकरणात या चौकटीची कसोटी लागली. ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रकल्पास मंजुरी मिळाली होती. परिसरातील वने आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती प्राथमिक अर्जात उघड केलेली नसल्याचे आढळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी मंजुरी स्थगित ठेवून फेरविचाराचा आदेश दिला. प्रारंभीची माहितीच अपुरी असेल तर पुढचे सर्व टप्पे दूषित होतात, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. जानेवारी २०२० मध्ये अतिरिक्त अटींसह स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. फेरविचारातून अटी वाढल्या, जागा बदलली नाही.

पश्चात मंजुरीचा प्रश्न

मंजुरी न घेताच सुरू झालेल्या प्रकल्पांचे काय करावे, हा अलीकडच्या काळातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. मार्च २०१७ च्या अधिसूचनेने अशा प्रकल्पांना नियमित होण्याची संधी दिली. २०२१ मध्ये त्यासाठी कार्यपद्धती ठरविण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ आणि २०२० मधील निकालांत पश्चात मंजुरी ही पर्यावरणविषयक न्यायशास्त्राशी विसंगत असल्याचे म्हटले होते. मुंबईतील वनशक्ती या संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ रोजी न्यायालयाने ही व्यवस्थाच रद्द केली. परंतु १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २ विरुद्ध १ बहुमताने तो निर्णय मागे घेतला आणि प्रश्न पुन्हा खुला झाला. उभ्या इमारती पाडल्याने जनतेचा पैसा वाया जातो, हा एका बाजूचा युक्तिवाद आहे. ‘आधी बांधा, मग दंड भरा’ ही प्रथा रूढ झाल्यास ‘पूर्व’ या शब्दाला अर्थच उरणार नाही, हा दुसऱ्या बाजूचा आहे. पहिल्या युक्तिवादातील अडचण खरी आहे. परंतु ती अडचण पूर्वमूल्यांकन टाळल्यामुळेच निर्माण झाली, हेही विसरता येत नाही.

समारोप

वरील आढाव्यावरून असे दिसते की, भारतात कायद्याचा अभाव हे मूल्यांकनाच्या अपयशाचे मुख्य कारण नाही. सायलेंट व्हॅलीच्या वेळी कायदा नव्हता, तरी मूल्यांकन झाले. नंतर कायदा आला, पण मूल्यांकन अनेकदा निर्णयाच्या मागून चालत राहिले. निर्णयापूर्वीच्या सुनावणीत ग्रामस्थ हा नागरिक असतो. निर्णयानंतर तो केवळ भरपाईचा दावेदार उरतो. म्हणून मूल्यांकनाची वेळ ही तांत्रिक बाब नसून लोकशाहीची बाब आहे.

या संदर्भात महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका दुर्लक्षणीय नाही. परिसरातील वनस्पती, जलस्रोत, पिके आणि उपजीविका यांच्या बारमाही नोंदी प्रकल्प जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून ठेवणे स्थानिक महाविद्यालयांना शक्य आहे. घाईने तयार झालेला अहवाल पडताळून पाहण्यास अशा नोंदींसारखे दुसरे साधन नाही. मूल्यांकन ‘पूर्वी’ व्हावे असे वाटत असेल, तर माहितीही पूर्वीच जमलेली असली पाहिजे.