मळणी यंत्र : देखभाल आणि दक्षता

पूर्वी खळ्यावर बैलांच्या पायांखाली होणारी मळणी आता बहुतांश ठिकाणी यंत्राकडे गेली आहे. या यंत्रात वेगाने फिरणाऱ्या ड्रमवरील दात कणसे फोडतात, तर चाळण्या आणि पंखा दाणे व भुसा वेगळे करतात. वेळ वाचतो, मात्र पेंढी आत सारताना हात ओढला गेल्यास तो कायमचा गमवावा लागतो. अशी यंत्रे चालवणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आणि इजा झाल्यास भरपाईसाठी संसदेने १९८३ मध्ये ‘धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम’ संमत केला.

हात ड्रमपर्यंत पोहोचू नये, यासाठी पेंढी सारण्याचे तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातील ४५ सेंटिमीटर वरून झाकलेले असावे, असे मानक सांगते.

देखभालीस पान्यांचा संच, हातोडी व ग्रीस गन ही साधने पुरेशी असतात. हंगामापूर्वी ड्रमच्या दातांचे नट-बोल्ट आवळावेत, बेअरिंगना ग्रीस द्यावे, पट्ट्यांचा ताण तपासावा. हंगाम संपल्यावर यंत्र स्वच्छ करून पट्टे सैल करावेत.

ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा सामान्यतः मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. पदर किंवा धोतराचा सोगा त्यात गुंडाळला गेल्यास सावरण्यास अवधी मिळत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी इंजिन बंद करणे आणि ग्रीस देताना काढलेले संरक्षक आवरण पुन्हा बसवणे, हे देखभालीचेच अनिवार्य अंग होय.