विंचवाचा दंश आणि निदानाची वाट

बदलापूरहून कर्जतकडे जाताना ठाणे जिल्हा संपतो आणि रायगड सुरू होतो. याच रायगडात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात, 1976 साली डॉ. हिंमतराव बावसकर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. पाठ्यपुस्तकांत या दंशाबद्दल फारसे काही नव्हते. अशा वेळी डॉक्टरने काय करावे?

बावसकर रुग्णाच्या खाटेजवळ बसले आणि दिसेल ते वेळेसह लिहू लागले. उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, थंडगार हातपाय. काही तासांनी धाप आणि फुप्फुसात पाणी. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वेदनेने जो ओरडतो, पण ज्याला यातले काही होत नाही, तो बहुधा वाचतो. ज्याला दुखत फारसे नाही, पण घामाने जो भिजला आहे, त्याला धोका अधिक. आरडाओरड्यावरून आजाराची गंभीरता ठरत नाही, हा निदानाचा पहिला धडा. ही पूर्वसूचक लक्षणे 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली.

दुसरा धडा 'असे का होते?' या प्रश्नाचा. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावरचा ताण वाढत जाऊन ते थकते. मग उपाय रक्तवाहिन्या सैल करण्याचाच हवा! सोडियम नायट्रोप्रुसाइडने गुण येई; पण ते शिरेतून, सतत लक्ष ठेवून द्यावे लागते. खेड्यात ते कसे जमणार? त्यांनी प्राझोसिन निवडले. रक्तदाबावरची ही स्वस्त गोळी तोंडाने देता येते. 1986 साली तिचे अनुभवही 'लॅन्सेट'मध्ये आले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस दगावत. पुढे हे प्रमाण एक-दोनावर आले.

तिसरा धडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. आपलेच औषध पुरेसे आहे का, हे बावसकर पती-पत्नींनी तपासून पाहिले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 70 रुग्ण होते. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. नुसते प्राझोसिन दिलेल्या 35 पैकी 8.

विंचू चावला तर रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यायचे, औषध डॉक्टरच देतील, हे मुलांना सांगायलाच हवे. पण वैद्यकाकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक सांगावे: नुसत्या पाठांतराने निदान येत नाही. आधी पाहा, वेळ घालून लिहा, कारण शोधा आणि शेवटी स्वतःच्या उत्तरावरही शंका घ्या. वर्गातल्या साध्या प्रयोगवहीतही याची सवय लावता येईल, नाही का?