रानटी म्हणजे कोण?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. खेळाडू कागदावर एक पात्र रचतो, फासे टाकतो आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. नेरूळला राहणाऱ्या माझ्या भाच्याचे पात्र आहे हाफलिंग बार्बेरियन. हाफलिंग म्हणजे जेमतेम तीन फुटांचा माणूस. मूळचा तो टोल्किनचा हॉबिट. कायदेशीर हरकत आली म्हणून नाव बदलले. बार्बेरियन म्हणजे संतापाच्या भरात तुटून पडणारा लढवय्या. २०१४ च्या नियमांत एवढ्या लहान गड्याला जड शस्त्र नीट पेलत नाही. पण तो सहजी घाबरत नाही आणि फाशावर एक पडला तर पुन्हा टाकतो. जोडी विजोड आहे, म्हणूनच मजेची.

"मामू, बार्बेरियनला मराठीत काय म्हणू?" असे त्याने विचारले. शब्दकोश 'रानटी' म्हणेल. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

ग्रीकांना परक्यांचे बोलणे 'बर-बर' असे ऐकू येई, म्हणून ते 'बार्बारोस'. म्हणजे दोष रानाचा नव्हता, भाषेचा होता. तोही ऐकणाऱ्याच्या कानाचा. उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिग लोकांना अरब 'बर्बर' म्हणू लागले. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने त्या नावामागची अशीच दंतकथा नोंदवली आहे. पण तेवढ्यावर न थांबता त्यांच्या घराण्यांचा आणि राज्यांचा सविस्तर इतिहासही लिहिला.

गंमत पुढे आहे. इतरांना बार्बारोस म्हणणारे ग्रीक आपल्याकडे आले ते 'यवन' झाले. कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानाचे लेख आजही खांबांवर आहेत. तिथे हा शब्द शिवी नाही. पुढे बखरींमध्ये तोच शब्द मुसलमानांना लागला.

'हबशी'चेही तसेच. बेलापूरचा किल्ला एकेकाळी ज्या सिद्दींकडे होता, ते हबशी. हा शब्द अबिसीनियाच्या 'हबश' या अरबी नावावरून आला, म्हणजे निव्वळ देशवाचक. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी शहर वसवले आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दख्खनमध्ये झुंजवले. जहांगीर आपल्या आठवणींत त्याला रंगावरून शिव्या देतो. रणात हरवता न येणाऱ्या माणसाला कागदावर रानटी ठरवणे सोपे असते.

खेळात निदान खेळाडू आपली ओळख स्वतः लिहितो. इतिहासात ती बहुधा दुसऱ्याने लिहिलेली असते. म्हणून बार्बेरियन रचणाऱ्याने ताकदीचे आकडे भरण्याआधी त्याची भाषा ठरवावी, त्याच्या आजीच्या गोष्टी ठरवाव्यात. आपल्याला समजत नाही म्हणून कोणाची भाषा बडबड ठरत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कोणीतरी परस्पर 'यवन' लिहून टाकले, त्यांना तरी हे कळायला हवे.